कपाट क्रमांक चार

जालन्याच्या कॉलेजात, भूगर्भशास्त्राच्या मजल्यावर
एकोणीस वर्षं झाली, मी काचा पुसतो.
सहा कपाटं, चारशे बारा दगड, एक पंखा, तोही बंद.
कुणी येत नाही. आलंच तर विचारतं, बाथरूम कुठंय.

मग ही शरयू देऊळगावकर आली
आणि दगडांना कान लावून बसली.
खरंच, काचेला गाल टेकवून.
मी भालेराव मॅडमना हळूच म्हटलं, बाई बऱ्या आहेत ना?
संगीतकार आहेत, मॅडम म्हणाल्या.
म्हटलं, मग ठीक.

आठ दिवस तिनं चिठ्ठ्या उतरवल्या:
नाव, काठिण्य, ठिकाण, दाता.
कॅल्साइट तीन. अपोफिलाइट साडेचार. स्फटिक सात.
"मऊ दगड खालचे सूर, टणक वरचे."
आणि स्टिल्बाइट, साडेतीन?
"तिथं सूर नाही शिवाप्पा, तिथं आपण श्वास घेऊ."

शनिवारी बावीस खुर्च्या मांडल्या, चौदा भरल्या.
स्टील मिलचा एक फोरमन मुलीला घेऊन आलेला,
त्याला वाटलं भावगीतं आहेत.
जुबेरनं काचांना रुपयाएवढे माईक चिकटवले
आणि सारंगीचा गज
काचेच्या कडेवरून ओढला.

आवाज कसा होता म्हणाल तर
माझी आई गल्लोगल्ली ओरडायची, पाटा-वरवंटा टाकीलाऽऽ
आणि पाटा समोर आला की
पहिला घाव घालायच्या आधी दात दाबून धरायची.
त्या दातांतला.

स्कोलेसाइटच्या सुया, सावरीच्या कापसागत दिसणाऱ्या,
शरयूनं त्यांवर नुसती फुंकर घातली.
स्पीकरमधून माळरान गेलं.
काळ्या पाषाणाची फळी पेन्सिलीनं टोकली, घंटा!
बाप हेच करायचा सुरुंगाआधी, पहारीनं टोकून बघायचा:
खणखणला तर जिता, बद्द बोलला तर फुटणार.

मग तिनं माझ्याकडं बघितलं.
"कपाट चार उघडता?"
मला हे कुणी सांगितलंच नव्हतं.
एकतीस किल्ल्यांचा जुडगा, हात थरथरणारा,
आणि कुलपाशेजारीच माईक.
पहिली किल्ली लागेना. दुसरी लागेना.
चौदा माणसं माझी धांदल
डोळे मिटून ऐकत होती.

आत दोनशे एकतीस नंबर.
अपोफिलाइट, हिरवा. विहीर, बदनापूर, चाळीस फूट.
दाता: अज्ञात.

त्या अज्ञाताला मी ओळखतो.
धूर पुरता निवला नव्हता तरी दोराला धरून उतरला,
कातळात पोकळी, आत सगळी हिरवी काच,
पटक्यात बांधून सायकलवर इथं आणला.
सरांनी चहा दिला, पाच रुपये दिले.
नाव कुणी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही.
म्हातारपणी बहिरा झाला तरी सांगायचा,
स्फोटाचं काय, तो सगळ्यांनाच ऐकू येतो.
खडे खाली येऊन संपतात
आणि पाण्याचा झरा अजून फुटलेला नसतो,
मधल्या वेळाला कान दे.

शरयूच्या वहीत त्या दगडाचं पान कोरं होतं.
माईक त्याच्या अंगावर ठेवून ती मागं सरली.
दीड मिनिट.
फोरमनच्या पोरीला उचकी लागली, तीही ऐकली आम्ही.
एमआयडीसीचा भोंगा झाला, आठचा.
टाळ्या वाजवायच्या की नाही, कुणाला कळेना.
जुबेर वायरी गुंडाळायला लागला तेव्हा कळलं, संपलं.

आज सोमवार.
आतून झाडणं वर्षातून एकदा, दिवाळीला,
म्हणून फळीवर दिसतंय:
दगड नखभर सरकलाय,
धुळीत त्याची जुनी जागा उघडी पडलीय.
पुसली नाही मी.
चिठ्ठीवर 'अज्ञात'च्या पुढं बोटभर जागा आहे.
एवढ्यात 'यल्लप्पा' बसतं का,
खिशातला पेन काढून बघतोय.